मणिकर्णिका आणि एक जुने भय
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



भयपट म्हटला की आजच्या मुलांपुढे ड्रॅक्युला उभा राहतो. आमच्या पिढीचे भय घरचेच होते. 'प्रभात'ने १९३२ साली काढलेला, व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शिलेला 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आम्ही बालपणी गणेशोत्सवातील पडद्यावर पाहिला. पौराणिक बोलपटास कोणी भयपट म्हणणार नाही. तथापि हरिश्चंद्र झालेले गोविंदराव टेंबे काशीनगरीत तारामतीवर, म्हणजे दुर्गा खोटे यांच्यावर, तलवार उगारीत, तेव्हा आम्ही मुले डोळे गच्च मिटून घेत असू. काशी म्हणजे मरणाचे गाव, ही समजूत तेव्हाच मनात रुजली.

प्रौढ वयात तोच बोलपट पुन्हा पाहिला. काशीविश्वेश्वर धावून येणार हे ठाऊक असल्याने तलवारीचे भय उरले नव्हते. अंगावर काटा आला तो निराळ्याच ठिकाणी. परक्या नगरीत राजाराणीची विक्री होते, कुटुंबाची ताटातूट होते. पुराणकथेत रोहिदास सर्पदंशाने मरतो. येथे बाबूराव पेंढारकरांचा गंगानाथ त्याच्या मृत्यूस कारण होतो आणि आळ येतो मातेवर. जेथे आपले म्हणावे असे कोणी नाही, तेथे तिच्या शब्दास किंमत ती काय? घर सोडून दूर आलेल्या आम्हां मंडळींना हे भय समजावून सांगावे लागत नाही.

हे सारे मनात ठेवूनच आम्ही काशीयात्रेत मणिकर्णिका घाटावर गेलो. हरिश्चंद्राच्या नावाचा घाट तेथून दक्षिणेकडे, निराळा आहे. परंतु अहोरात्र पेटत्या चितांसाठी प्रसिद्ध आहे ती मणिकर्णिका. लाकडांच्या राशी रचलेल्या, डोमांकडून अग्नी घेण्याची परंपरा चालू, आणि शेजारच्या गल्लीत नित्याचा व्यवहारही चालू. मरणाचा तेथे कोणी बाऊ करीत नाही.

हा घाट अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधून काढला, हे तेथे उभे राहून आठवले आणि परकेपणा थोडा ओसरला. आणखीही एक आठवण झाली. काशीत राहणाऱ्या मोरोपंत तांबे यांच्या घरी कन्या झाली, तिचे नाव मणिकर्णिका ठेविले. तीच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई. ज्या नावाने आम्ही दचकत होतो, ते नाव एका मराठी घराने लेकीस दिले होते!

परक्या गावाशी नाते जडते ते असे. आपल्या मंडळाची पन्नास वर्षे आम्ही याच दृष्टीने पाहतो. गणपती, नाटके, हळदीकुंकू यांचे कौतुक आहेच. पण अपरात्री कोणाच्या घरी दुःखद प्रसंग ओढवला, तर दार ठोठावण्यास चार घरे आणि खांदा देण्यास चार माणसे असावीत, हे मंडळाचे खरे कार्य होय. येथे येणाऱ्या कोणत्याही तारामतीवर एकटे उभे राहण्याची वेळ न येवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.