वाडी हलवता येत नाही

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



४ जून २०२० ची सकाळ आठवा. कोरोनाची बंदी होती. खरेदी रखडल्यामुळे कित्येकांच्या घरात कापूस तसाच पडून होता. मृग लागायला चार दिवस बाकी होते. आभाळ भरून आले, वारा सुटला, पाऊस पडला. कोणी म्हणाले, यंदा रोहिण्या चांगल्या बरसल्या. तो पाऊस रोहिण्यांचा नव्हता. आदल्या दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेले निसर्ग चक्रीवादळ रात्रीतून घाट चढून, विरत विरत आपल्या पश्चिम विदर्भापर्यंत आले होते.

त्या ओलीवर घाई करून ज्यांनी सरकी टोचली, त्यांना आम्ही तेव्हाही सांगत होतो की वादळाचा पाऊस म्हणजे मोसमी पाऊस नव्हे. वादळ निघून गेले की मागे उघडीप पडू शकते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन खोलवर भिजल्याशिवाय तेव्हा ७३० रुपयांना मिळणारी थैली फोडू नये. असो. तो विषय वेगळा.

आपल्याकडे आले ते वादळाचे शेपूट. तोंड पाहिले ते श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, अलिबाग, मंडणगड, दापोली या भागाने. त्यांच्याविषयी आज बोलायचे, कारण त्यांचे नुकसान ज्या मापाने मोजले गेले, तेच माप आपल्याही बांधावर येते.

३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ जमिनीला लागले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. आपल्याकडे वावटळीत पत्रे उडतात, पण ती पाच-दहा मिनिटांत निघून जाते. हा वारा तासन् तास चालला, आणि तोही एका बाजूने नाही. वादळाचा मधला भाग पुढे सरकला की वाऱ्याची दिशा फिरते. एका अंगाने हलवून ढिले झालेले झाड मग दुसऱ्या अंगाने मोडते किंवा मुळासकट येते.

पाऊसकाळ सरल्यावर आम्ही काही कार्यकर्ते तिकडे गेलो. घरे तोवर बरीच शाकारून झाली होती. वाड्या मात्र तशाच होत्या. कोकणातली वाडी म्हणजे काय ते आधी सांगतो. घराच्या मागे दहा, वीस, फार तर चाळीस गुंठे जमीन. वर नारळ, त्याच्या सावलीत सुपारी, सुपारीवर चढवलेला मिरीचा वेल, खाली केळ, जायफळ. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली आहे. एका घराचा वर्षाचा मीठमिरचीचा, औषधपाण्याचा, पोरांच्या फीचा खर्च त्या वीस गुंठ्यांतून निघतो.

तिथे एका आजींच्या वाडीत आम्ही उभे होतो. नारळ आडवे, त्यांच्याखाली सुपारी आडवी, आत पाऊल टाकायला जागा नाही. ओंडके उचलायला मजूर मिळेनात, लाकूड फुकट न्या म्हटले तरी कोणी येईना. आजी म्हणाल्या, "सासऱ्यांनी लावलेली वाडी. मी लावलेली मला खायला मिळणार नाही." आमच्यापैकी एकाने धीर द्यायचा म्हणून म्हटले, पुढच्या हंगामात बघू. आजींनी त्याच्याकडे नुसते पाहिले. तो आपल्यासारखाच कोरडवाहू माणूस, त्याच्या हिशेबात पीक म्हणजे हंगाम.

हाच मुद्दा नीट समजून घ्या. आपल्या कपाशीचा शेंडा मोडला तर खालच्या फांद्या फुटतात. ज्वारी कापली तरी ओल असेल तर खोडवा येतो. नारळ आणि सुपारीला कोंब एकच, तो शेंड्यात. शेंडा मोडला की झाड संपले. उभे दिसते, पण पुन्हा फुटत नाही. नवे रोप लावले तर सुपारी धरायला पाच ते सात वर्षे लागतात, उंच जातीच्या नारळाला त्याहूनही अधिक. आणि वरचा नारळ पडला की वाचलेली सुपारीसुद्धा उघडी पडते, पुढच्या उन्हाळ्यात तिची खोडे उन्हाने भाजतात. म्हणजे ३ जूनला मेली ती झाडे वेगळी आणि पुढच्या वर्षी मरणार ती वेगळी. पंचनामा पहिल्यांचाच होतो.

आता हिशेब बघू. त्या वेळच्या आपत्ती निकषात बहुवार्षिक फळझाडांना हेक्टरी १८,००० रुपये होते, मर्यादा २ हेक्टर. निसर्गनंतर राज्य सरकारने ते ५०,००० केले. वर्तमानपत्रात आकडा मोठा दिसला. पण हेक्टर म्हणजे सुमारे शंभर गुंठे. वीस गुंठ्यांची वाडी साफ झाली तर हातात दहा हजार. नऊ-नऊ फुटांवर सुपारी लावली तर वीस गुंठ्यांत अडीचशे-पावणेतीनशे झाडे बसतात. नारळ, मिरी, जायफळ हिशेबात धरलेच नाही तरी झाडामागे चाळीस रुपये पडत नाहीत. लोकांनी ओरड केली तेव्हा झाडावर मदत मोजायचे ठरले, नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. झाडे मोजली गेली, ही मागणी करणाऱ्यांची जीत आहे, ती कमी लेखू नका. पण पन्नास रुपये ही सुपारीच्या झाडाची किंमत कोणी काढली, कशी काढली? पाच-सात वर्षांची राखण, शिंपण, खत आणि तितक्या वर्षांचे बुडालेले उत्पन्न यातले त्यात काय आहे?

त्यातही सातबाऱ्याचा घोळ. वाडीवर आजोबांच्या वेळची नावे. चार भाऊ मुंबईत, एक सुरतेला, दोन बहिणी सासरी. संमतीपत्र आणल्याशिवाय पैसे खात्यावर पडत नाहीत. बंदीच्या दिवसांत ही संमतीपत्रे गोळा करायची तरी कशी? झाडावर चढणारा, पाणी लावणारा एकटा घरी असतो, आणि सरकार विचारते बाकीच्या सातांना.

हे वाऱ्याचे झाले. समुद्राच्या पाण्याचे प्रकरण आपल्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला लवकर कळेल. पूर्णेच्या खोऱ्यात खार खालून येतो. पेण-अलिबागच्या खाडीकाठी तो उधाणाबरोबर वरून येतो. तिथली भातशेती भरतीच्या पातळीच्या खाली आहे. मातीचे बांध घालून, उघाड्या बसवून, पिढ्यान् पिढ्या समुद्र बाहेर ठेवून केलेली ती जमीन. १९३३ ते १९३९ चा चरीचा संप याच अलिबाग तालुक्यातला, खोताविरुद्ध कुळांनी सहा वर्षे जमीन न कसता चालवलेला.

बांधाला खांड पडली की उधाणाचे पाणी शेतात बसते. सोडियम मातीला धरतो, ढेकळाची घडण मोडते, ओली असता चिखल आणि वाळली की दगड. आपण ज्याला चोपण म्हणतो, तेच. कोकणचा पाऊस भरपूर, तो खार धुऊन नेऊ शकतो, पण बांध धड असेल तरच. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ अशा खार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या, चांगले काम आहे. पण रोज दोन वेळा भरती आत येणाऱ्या शेतात कुठली जात उभी राहणार?

पूर्वी खांड पडली की गाव टोपल्या घेऊन धावायचे. १९७९ च्या कायद्याने खारभूमीची जबाबदारी सरकारकडे गेली. आता अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, निविदा. तोवर चार उधाणे होऊन जातात. दोन-चार वर्षे पाणी राहिले की शेतात तिवरे उगवतात. तिवरतोडीला २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर बंदी घातली. आम्ही तिवरांच्या विरुद्ध नाही. बांधाबाहेरची तिवरे लाटेचा मार स्वतःवर घेतात, ती हवीतच. पण सरकारने वेळेवर बांध बुजवला नाही म्हणून बांधाच्या आत, सातबाऱ्यावरच्या भातशेतात उगवलेले तिवर शेतकऱ्याची जमीनच घेऊन जाते, हा कुठला न्याय?

निसर्गच्या वेळी वटपौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस. हवामान खात्याने भरतीपेक्षा मीटर-दोन मीटर जादा पाण्याचा इशारा दिला होता. भरती सकाळीच होऊन गेली आणि वादळ दुपारी, ओहोटीत लागले. तेवढे नशीब.

एका गोष्टीचे श्रेय मात्र मोकळ्या मनाने दिले पाहिजे. २९ ऑक्टोबर १९९९ ला ओडिशात महाचक्रीवादळ आले तेव्हा दहा हजारांच्या आसपास माणसे गेली, बहुतेक समुद्राच्या पाण्यात. १२ ऑक्टोबर २०१३ ला त्याच राज्यात फायलिन आले, तेव्हा दहा लाखांच्या जवळपास लोक आधीच हलवले आणि बळी पन्नासाच्या आत राहिले. निसर्गच्या वेळीही इशारा दोन दिवस आधी मिळाला, कच्च्या घरातली माणसे हलवली, राज्यातले बळी दहाच्या आत राहिले. सरकारला मनावर घेतले तर जमते. म्हणूनच प्रश्न विचारायचा की माणूस हलवायची व्यवस्था वीस वर्षांत उभी राहिली, तर न हलणाऱ्या वाडीचा, शेताचा हिशेब अजून हंगामाच्या आणि हेक्टरच्या मापाने का?

आपल्यालाही तेच माप लागते. त्या वर्षी कोरडवाहू पिकाला हेक्टरी ६,८०० रुपये होते, म्हणजे एकरी पावणेतीन हजार, आणि तेही नुकसान ३३ टक्क्यांवर असेल तर. क्षेत्राची मर्यादा कधी दोन हेक्टर, कधी तीन, सरकारच्या मर्जीप्रमाणे. पुरात वरची माती वाहून गेली तर तेही एका हंगामाचे नुकसान नाही, हे आपण जाणतो.

तेव्हा आजच्या ठरावात आम्ही तीन मागण्या घातल्या आहेत. फळझाडांची भरपाई झाडाच्या वयावर आणि ते पुन्हा धरेपर्यंतच्या वर्षांवर काढावी. खारभूमीच्या बांधाची खांड पुढच्या उधाणाच्या आत बुजवावी, न बुजवल्यास दर हंगामाचे भात सरकारने भरून द्यावे. सामायिक खात्यावर जो प्रत्यक्ष कसतो त्याच्या नावे मदत द्यावी, वारसांचा वाद मागाहून मिटवावा. कोकणातल्या शेतकऱ्यांसाठी आपण का भांडायचे, असे काल एकाने विचारले. तिसरी मागणी लागू झाली तर या सभेत बसलेल्या किती जणांच्या कामाची आहे, ते ज्याने त्याने आपला सातबारा काढून पाहावे.

आणि एक काम घरी गेल्यावर करायचे. २०२१ पासून पीकपाहणी मोबाईलवर आपणच नोंदवतो. कपाशी, ज्वारी, तूर सगळे टाकतात. बांधावरचा आंबा, चिंच, लिंब कोणी टाकत नाही. या खेपेला झाडे मोजा, नोंदवा, फोटो काढून ठेवा. आता ठराव वाचून दाखवतो. ज्यांची हरकत असेल त्यांनी उभे राहून बोलावे.