चौक कोणी काढला?

(पाली इथं प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं बोलणं)



गेल्या सभेत कापडी पिशव्यांचा विषय निघाला होता. दोनशे पिशव्या, त्यावर वारली चित्रं. छाप व्यापारी देणार, आपण फक्त रंग भरायचा. मी लगेच "घेऊन टाका ऑर्डर" म्हणाले. घरी गेल्यावर मात्र मनाला लागलं, की ही चित्रं कोणाची, हे तरी मला कुठं धड सांगता येतं? म्हणून आज एका माणसाची गोष्ट सांगते.

जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४ चा. गंजाडजवळचा कळंबीपाडा हे त्यांचं गाव, डहाणू तालुक्यात. सात वर्षांचे असताना त्यांची आई गेली. पोरगं बोलायचंच बंद झालं. काही सांगायचं असलं की मातीत रेघा ओढून दाखवायचं. आपण अंगणात ठिपके काढतो, तसं त्या पोराने धुळीत बोलणं मांडलं.

आता गंमत बघा. वारल्यांमध्ये भिंतीवरचं चित्र हे बायांचं काम. लग्न ठरलं की सवाशिणी घराची भिंत शेणामातीने सारवतात, गेरू लावतात, तांदूळ वाटून पांढरा रंग करतात. बांबूची काडी चावून टोक मऊ केलं की झाला कुंचला. मग चौक काढायचा. चौकाच्या मध्ये पालघट देवी, आजूबाजूला झाडं, मोर, नाचणारी माणसं. तो चौक निघाल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न झालं, पाऊस आला, भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं. काढणारीचं नाव विचारायची रीतच नव्हती. जिव्यादादा मात्र लग्नाची वाट बघत बसले नाहीत. मनात आलं की काढायचे.

सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार सरकारच्या हस्तकला मंडळाच्या कामासाठी या भागात आले. याआधी बिहारमध्ये दुष्काळ पडला होता तेव्हा मधुबनीच्या बायांना त्यांनीच कागद दिले होते, भिंतीवरचं कागदावर काढा म्हणून. डहाणूकडे त्यांना जिव्यादादांचा हात दिसला. मग मुंबईत प्रदर्शन झालं, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे परदेशातही चित्रं गेली. २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाऊस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. १५ मे २०१८ ला ते गेले. तोवर मुलंही चित्रकार झाली होती.

त्यांची चित्रं तुम्ही बघाल तर ओळखीचीच वाटतील. भातलावणी, मुंग्यांचं वारूळ, तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारं नाचाचं वेटोळं. त्यांनी मासेमारीचं जाळं काढलंय. नुसत्या बारीक बारीक रेघा, आणि सगळा कागद त्या जाळ्याने भरलेला. दुकानातल्या कपबशीवर छापतात ती हात वर केलेली चार माणसं म्हणजे ती चित्रं नव्हेत. जिव्यादादांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते काढलं. माणूस, बैल, झाड सगळ्यांना सारखीच जागा.

पण मला एक गोष्ट टोचते. मधुबनीत कागद बायांच्या हातात गेला आणि जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावं मोठी झाली, तिघींना पद्मश्री मिळाली. इकडे वारली चित्रं कागदावर आली तेव्हा वर्षभर काढणारे आणि विकणारे बहुतेक पुरुषच झाले. जिव्यादादांचा यात काही दोष नाही, त्यांची मेहनत त्यांचीच. पण ज्या सवाशिणींनी पिढ्यान् पिढ्या चौक काढले, त्यांच्यातल्या एकीचं तरी नाव आपल्याला माहीत आहे का? मला नाही.

आता पिशव्यांकडे येते. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. म्हणजे ही कला त्या भागातल्या त्या समाजाची, हे कायद्याने नोंदवलेलं आहे. आपण सुधागडच्या. आपल्या गटांत ठाकर आहेत, कातकरी आहेत, कुणबी, आगरी आहेत. व्यापाऱ्याच्या छापावर रंग भरून त्याला 'वारली' म्हणून विकणं मला आता बरोबर वाटत नाही. गेल्या सभेत मी घाई केली, ती चूक माझी.

सभा संपल्यावर एक ठाकर ताई हळूच म्हणाल्या होत्या, "आमच्याकडेपण लग्नात भिंतीवर काढतात, माझी सासू काढायची." हे त्या सभेत का नाही बोलल्या? कारण आम्ही विचारलंच नाही.

तर ऑर्डर अजून नाही म्हटलेली नाही. व्यापाऱ्याला मी सांगितलंय, नमुना आम्ही दाखवू. पुढच्या सभेला त्या ताई सासूबाईंना घेऊन येणार आहेत. बाकीच्यांनीही घरी विचारा, आजी-सासू उंबऱ्यावर, भिंतीवर, तुळशीपाशी काय काढायच्या. जमेल तसं वहीत काढून आणा. कागद मी आणते, पाठीमागे काढणारीचं नाव आणि गाव लिहायचं. लिहिता येत नसेल त्यांचं मी लिहीन.