कुरूप डचेस: एक चेहरा आणि तीन स्त्रिया

लंडनच्या नॅशनल गॅलरीत क्वेंटिन मॅसिस या फ्लेमिश चित्रकाराने १५१३च्या सुमारास ओकच्या फळीवर तैलरंगात रंगवलेले एका वृद्धेचे चित्र आहे. आखूड नाक, नाक आणि ओठ यांमधली ताणलेली जागा, घट्ट चोळीत आवळून वर आणलेली सुरकुतलेली छाती, डोक्यावर कितीतरी दशकांपूर्वी चलनातून गेलेला शिंगांच्या घाटाचा शिरोवेष आणि हातात न उमललेली गुलाबाची कळी असे तिचे रूप आहे. हे चित्र ‘कुरूप डचेस’ या नावाने ओळखले जाते. डचेस म्हणजे ड्यूक या सरदाराची पत्नी, किंवा तो किताब स्वतःच्या हक्काने धारण करणारी स्त्री. पण चित्रातली वृद्धा डचेस आहे असे मॅसिसने कुठेही सुचवलेले नाही, हा किताब तिला मागाहून चिकटलेला आहे.

मुळात हे कोणा एका स्त्रीसमोर बसून काढलेले व्यक्तिचित्र नव्हे. लिओनार्दो दा विंचीच्या वर्तुळात जी विरूपचित्रे, म्हणजे मुद्दाम बेढब केलेल्या चेहऱ्यांची रेखाटने तयार होत, त्यांतल्या एकाशी हा चेहरा जुळतो, आणि लिओनार्दोचा शिष्य फ्रान्चेस्को मेल्झी याच्या नावावर असलेले ते रेखाटन इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. चित्राला एका वृद्ध पुरुषाचे जोडचित्रही आहे. त्या काळच्या पतिपत्नींच्या जोडचित्रांत मानाची उजवी बाजू, म्हणजे पाहणाऱ्याच्या डाव्या हाताची जागा, पुरुषाकडे असे. येथे ती या वृद्धेने घेतली आहे, आणि पुरुषाने उचललेला हात कळी नाकारतो आहे असे मानले जाते. म्हातारपणी शृंगाराची हौस धरणाऱ्या बाईची टवाळी त्या काळी विद्वानांनाही रुचत असे. १५११मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मूर्खतेची स्तुती’ या ग्रंथात इरॅस्मसने ती केली आहे, आणि पुढे मॅसिसने त्याचेही व्यक्तिचित्र रंगवले. ही वृद्धा म्हणजे स्त्रीच्या वेशातला पुरुष असावा असाही एक अर्थ अलीकडे मांडला गेला आहे. तो मान्य केला तरी हसे होते ते स्त्रीच्या वयाचे आणि इच्छेचेच.

असा अनामिक, उपहासासाठी घडवलेला चेहरा पुढे कोणाच्याही गळ्यात बांधता येत होता. वेन्झेल होलार या कोरीवचित्रकाराने १६४५मध्ये या जोडीला ट्युनिसचे राजाराणी करून टाकले. पण सर्वांत टिकाऊ ओळख ठरली ती टिरोलच्या मार्गारेटेची, आणि ती चित्राच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधी, १३६९मध्ये, वारलेली होती.

मार्गारेटे टिरोल या आल्प्समधील प्रांताची वारस. १३३०मध्ये, बाराव्या वर्षी, तिचा विवाह लक्झेंबुर्ग घराण्यातल्या तिच्याहून लहान योहान हाइनरिखशी लावण्यात आला. १३४१च्या नोव्हेंबरात तो शिकारीहून परतला तेव्हा टिरोलच्या किल्ल्याचे दरवाजे तिने त्याला उघडू दिले नाहीत. विवाह शरीरसंबंधाने पूर्ण झालेलाच नाही असे सांगून ती मोकळी झाली आणि १३४२मध्ये, पोपची संमती नसताना, पवित्र रोमन सम्राटाचा मुलगा ब्रांडेनबुर्गचा लुडविग याच्याशी तिने लग्न केले. पोपने दोघांना बहिष्कृत केले आणि टिरोलवर ‘इंटरडिक्ट’ घातले, म्हणजे संपूर्ण प्रांताचे धार्मिक विधीच बंद ठेवले. विवाह मोडण्याचा अधिकार सम्राटाला आहे की चर्चला, या वादात पादुआचा मार्सिलियस आणि विल्यम ऑफ ऑकम यांच्यासारख्या विचारवंतांनी सम्राटाच्या बाजूने लेखणी चालवली. वाद मोठा, आणि त्याच्या मुळाशी एका बाईने लावून घेतलेला दरवाजा. तिला ‘माउलटाश’, म्हणजे पिशवीतोंडी, हे टोपणनाव पडले. ते एखाद्या गढीच्या नावावरून आले असावे किंवा बदफैली बाईला दिलेली ती शिवी असावी, असे तर्क आहेत. पण लोककथांनी त्याचा शब्दशः अर्थ धरून तिचे तोंडच वेडेवाकडे केले. याउलट, तिच्याच काळातला फ्रान्सिस्कन बखरकार विंटरथूरचा योहानेस तिला अतिशय सुंदर म्हणतो.

मात्र हा पुरावा पुढे करून तिची सुटका करू पाहणारे समर्थन लंगडे आहे. ती सुंदर होती म्हणून तिच्यावर अन्याय झाला, असे म्हणताना ती कुरूप असती तर तो चालला असता हे गृहीत धरले जाते. चित्रातल्या वृद्धेला पॅजेटचा आजार, म्हणजे हाडे जाड व वाकडी होण्याचा विकार, होता असे वैद्यकीय निदान करणाऱ्यांची गतही तीच, कारण तेथे उपहासाची जागा कणव घेते आणि बाई मात्र तपासणीच्या टेबलावरच राहते. लिऑन फॉइख्तवांगर याने १९२३च्या आपल्या कादंबरीत मार्गारेटेला कर्तबगार राज्यकर्ती म्हणून सहानुभूतीने रंगवले, तरी शीर्षकातच तिला कुरूप म्हटले आणि तिचे सारे दुःख त्या चेहऱ्यातूनच काढले. दरवाजा बंद करण्याचे कारण नवऱ्यात किंवा राजकारणातही असू शकते, याचा विचार त्यामुळे मागे पडतो.

तिसरी स्त्री अद्भुतकथेतली आहे. लुईस कॅरोलच्या १८६५मधील ‘अ‍ॅलिस’मध्ये जॉन टेनिएलने काढलेली डचेस मॅसिसच्या चित्रावरून सुचली असे अनेक अभ्यासक मानतात. ती प्रथम भेटते ते स्वयंपाकघरात, जेथे हवेत मिरपूड भरलेली आहे, स्वयंपाकीण भांडी फेकते आहे आणि डचेसच्या मांडीवर रडते पोर आहे. हा गोंधळ वाचकाला खदखदून हसवतो आणि डचेस कजाग म्हणून लक्षात राहते. पुढे ती गोड बोलू लागते तेव्हा अ‍ॅलिस मनाशी ठरवते की त्या वेळचा तिचा संताप बहुधा मिरपुडीचा असावा. बाईच्या स्वभावाचे कारण तिच्या भोवतालात शोधणारी त्या प्रसंगातली ती एकटीच, आणि तिचे वय सात वर्षांचे. अर्थात त्याच प्रकरणात तिला डचेसची जवळीक नकोशी होते, कारण ती फार कुरूप आहे आणि तिची हनुवटी अ‍ॅलिसच्या खांद्यावर नेमकी टेकते. मजकुरातली ती हनुवटी लहान आणि टोकदार आहे. टेनिएलच्या चित्रात शिरोवेषाखालचा चेहरा अवाढव्य आहे आणि हनुवटी चांगली रुंद.