ठाव नाय ते नाय

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलं आहे, दोनचार वाक्यं तेवढी सरळ केली.)



मला विषय दिलाय 'ज्ञान आणि विनय'. खरं सांगतो, यातला दुसरा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. आमच्या शाळेत ऑफिसच्या दारावर विद्येला विनयाचा दागिना घालणारं एक संस्कृत सुभाषित रंगवलेलं होतं. आम्ही वस्तीतली पोरं त्या सुभाषिताखाली फीमाफीचा फॉर्म घेऊन उभी असायचो. मान खाली. विद्या त्यांच्याकडे होती आणि विनय आमच्याकडून वसूल व्हायचा.

विनय आपल्याला कुणी शिकवावा? पिढ्यान्‌पिढ्या आपण दुसरं काय केलं? वाट सोडली, सावली आवरली, दुरून जोहार घातला, वरून ओतलेलं पाणी ओंजळीत झेललं. ते याला विनय म्हणायचे. आपण याला लाचारी म्हणतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा त्या पिढीने हा विनय उकिरड्यावर फेकला. बरं केलं. तो पुन्हा उचलून आणा असं सांगायला मी इथे आलेलो नाही.

पण घाईघाईत घर झाडताना केराबरोबर एखादी कामाची वस्तूही जाते. तशी आपली एक वस्तू गेली. 'मला माहीत नाही' हे वाक्य गेलं.

हे वाक्य आपल्या तोंडातून निघत नाही, आणि त्याला कारण आहे. सवर्णाच्या पोराला एखादं उत्तर आलं नाही तर ते त्याला त्या दिवशी आलं नाही, एवढंच. आपल्या पोराला आलं नाही तर ते त्याच्या अख्ख्या जातीला येत नाही. राखीव जागा, गुणवत्ता, सगळी कोर्टकचेरी त्या एका उत्तरामागे येऊन उभी राहते. मग पोरगं काय करतं? ठोकून देतं. मीही ठोकून दिलंय. तीच गोष्ट सांगतो.

१९७९ सालचा मार्च. मी एकोणीस वर्षांचा. दाढी वाढवलेली, खांद्याला शबनम. आमच्या चाळीच्या विहारात महाडच्या सत्याग्रहावर माझं भाषण. समोर तीसचाळीस पोरं, मागे भिंतीला टेकून म्हातारी माणसं. मी तावातावाने बोललो. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी घेतलं आणि त्याच संध्याकाळी मनुस्मृती जाळली, असं सांगून मोकळा झालो. टाळ्या पडल्या.

मागून तात्या उठले. सगळी चाळ त्यांना तात्या म्हणायची. गिरणीत रिंग खात्यात होते. सहीच्या जागी अंगठा. म्हणाले, "पोरा, ह्या दोन येगळ्या गोष्टी हायत. तळं मार्चात झालं. बूक जाळलं ते नाताळात. माझा बाप दोनी खेपेला गेलता."

मला तारीख ठाऊक नव्हती. मी कुठे वाचलीच नव्हती. सगळा ऐकीव इमला. पण तीसचाळीस डोळे माझ्याकडे लागलेले. मी म्हणालो, "तात्या, इतिहास आठवणींवर चालत नाही. पुस्तकात तसंच लिहिलंय." कुठलं पुस्तक? कुठलंच नाही. पोरं हसली. तात्या खाली बसले.

बघा म्हणजे काय झालं. 'पोथीत लिहिलंय' या एका वाक्याने भटजीने माझ्या आज्याचं तोंड बंद केलं होतं. तेच वाक्य उचलून मी तात्यांच्या तोंडावर मारलं. आणि भाषण कशावर चाललं होतं? मनुस्मृतीच्या दहनावर!

रात्री एकाकडून बाबासाहेबांचं चरित्र मागून आणलं. तात्या बरोबर होते. दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या टपरीत त्यांना गाठलं आणि हळूच म्हणालो, माझं चुकलं. ते म्हणाले, "मला सांगून काय उपेग? मला ठाव हायच. त्या पोरांना सांग."

मी सांगितलं नाही. लाज वाटली. महिन्याभरात चौदा एप्रिलचं पत्रक निघालं. त्या पोरांपैकी एकाने त्यात माझीच चूक छापली होती. हजार प्रती. घरोघर गेल्या.

पुढे मी तात्यांकडे जाऊन बसायला लागलो. एकदा विचारलं, तळ्यावरून परत आल्यावर मंडपात जेवणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ला झाला, डोकी फुटली, तेव्हाचं सांगा. म्हणाले, "ते नाय सांगायचा मी. बाप तळ्यावर होता, मारामारीत नव्हता. ठाव नाय ते नाय."

मी पुढे पुष्कळ परिसंवाद ऐकले. डॉक्टरेटवाले ऐकले. आपलं ज्ञान कुठल्या पायरीवर संपतं हे इतकं चोख सांगणारा माणूस फार क्वचित भेटला.

आता बाबासाहेबांकडे येऊ. १९४६ साली त्यांचं 'शूद्र पूर्वी कोण होते?' हे पुस्तक इंग्रजीत निघालं. अर्पण महात्मा फुल्यांना. त्याची प्रस्तावना काढून वाचा. टीकाकार म्हणणार, याला संस्कृत येत नाही, हा धर्मग्रंथांवर काय बोलणार? बाबासाहेब लपवाछपवी करत नाहीत. संस्कृतवर आपलं प्रभुत्व नाही, ही उणीव सरळ कबूल करतात. आणि लगेच हिशेब मांडतात: हे बहुतेक वाङ्मय इंग्रजीत आलेलं आहे, पंधरा वर्षं मी त्याचा अभ्यास केलाय, तेव्हा या कामापुरता मी लायक आहे.

ही उणीव आली कुठून? शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिलं नाही, फारसी घ्यावी लागली. म्हणजे दार लावून घेणारे तेच, आणि आत आला नाहीस म्हणून हिणवणारेही तेच. बाबासाहेब त्यावर रडत बसले नाहीत आणि येत नाही ते येतं असंही म्हणाले नाहीत. किती आहे, किती नाही, ते मोजून टेबलावर ठेवलं. मी ज्याला विनय म्हणतो तो हा. त्यात मान खाली घालावी लागत नाही.

दोन वर्षांनी, १९४८ साली, अस्पृश्यांच्या मुळाविषयीचं पुस्तक आलं. अस्पृश्यता साधारण इ. स. ४०० च्या सुमारास जन्मली, असं त्यांनी त्यात मांडलं. पण पुरावा तुटतो तिथे आपण तर्काने साखळी जोडली आहे, हेही स्वतःच सांगितलं. हा शेवटचा शब्द समजा, असा आग्रह धरला नाही. आज आपल्यातलं एखादं पोरगं त्या पुस्तकातल्या एखाद्या मुद्द्यावर शंका काढतं, तर आपण त्याच्या अंगावर धावतो. बाबासाहेबांनी उघडं ठेवलेलं दार आपण लावून घेतो आणि वर त्यांचाच फोटो टांगतो.

हाच माणूस पुढे पाली घेऊन बसला. पाली शब्दकोश, पाली व्याकरण. सरकारने १९७९ पासून काढलेल्या खंडांतला सोळावा खंड तोच आहे. कायदेमंत्री झालेला, घटना लिहिलेला माणूस विद्यार्थ्यासारखा शब्दाला शब्द लावत बसतो. आणि आपण दोन पत्रकं वाचली की विचारवंत!

मित्रांनो, मर्यादा दोन प्रकारच्या असतात. एक रेघ दुसरा आखतो. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणाई खात्यात घेत नसत. पगार तिथे जास्त. काम जमणार नाही म्हणून घेत नसत का? तसं नव्हतं. नवी कांडी घातली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपलं तोंड त्या धोट्याला चालत नसे. म्हणून तात्या जन्मभर रिंग खात्यात. ही त्यांनी आखलेली रेघ. दुसरी रेघ आपण चालत गेल्यावर आपल्याला लागते: इथवर मला कळतं, इथून पुढे अंधार आहे. पहिली मोडायची असते. दुसरी मोजायची असते. आपला घोळ असा होतो की पहिलीच्या रागात आपण दुसरीही नाकारतो, आणि मग अंधारात बिनदिक्कत भाषणं करतो.

१९५० साली बाबासाहेबांनी तेव्हाच्या औरंगाबादेत कॉलेज काढलं. त्याचं नाव मिलिंद, परिसराचं नाव नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा, भल्याभल्यांना वादात चीत करणारा. भिक्खू नागसेनाला त्याने वादाला बोलावलं. नागसेनाने आधीच विचारून घेतलं: वाद पंडितांसारखा करायचा की राजांसारखा? पंडितांच्या वादात एक जण गुंता करतो, दुसरा सोडवतो. चूक दाखवली जाते, ती मान्यही केली जाते, कुणी रागावत नाही. राजाच्या वादात राजा एक बाजू घेतो आणि जो तिला विरोध करील त्याला शिक्षा. मिलिंद राजा होता, तरी म्हणाला, पंडितांसारखा करू. हे नाव आपल्या कॉलेजाला आहे.

आता आपल्या चळवळीकडे बघा. १९७२ ला पँथर, आणि १९७४ ला बुद्ध की मार्क्स यावरून फूट. वाद मोठा होता, व्हायलाच हवा होता. पण तो पंडितांसारखा झाला की राजांसारखा? समोरच्याने काय लिहिलंय हे वाचायच्या आधी तो कुणाचा माणूस आहे हे ठरत होतं. मीही दोन्हीकडच्या सभांत घोषणा दिल्यात. दोन्हीकडची पुस्तकं तेव्हा मी वाचलेली नव्हती, हे आज सांगतो.

तुमचीही तीच तऱ्हा. मोबाइलवर रोज बाबासाहेबांच्या फोटोखाली वाक्यं फिरतात. त्यातली कित्येक त्यांची नाहीत. कुणी विचारलं, कुठल्या खंडात, कुठल्या पानावर, की त्याला लगेच संघाचा माणूस ठरवता. तो फक्त तात्यांचा माणूस असेल! पान माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, शोधा, मग पाठवा. शत्रू आपली एक खोटी ओळ पकडतो आणि तिच्या जोरावर आपली शंभर खरी वाक्यं खोटी ठरवतो.

शेवटचं सांगतो. १९८२ च्या गिरणी संपानंतर तात्या गावी गेले ते गेलेच. तिकडेच वारले. त्यांचा बाप महाडला चालत गेला की बैलगाडीने, गावातून आणखी कोण कोण गेलं, बाया गेल्या का, भाकऱ्या कुणी बांधून दिल्या, परत आल्यावर गावाने काय केलं, यातलं काही मी विचारलं नाही. पुस्तकात होतं तेवढंच विचारत राहिलो. बाकीचं विचारण्यासारखं आहे हेच मला कळलं नाही, कारण मला सगळं माहीत होतं ना! तात्यांबरोबर ते सगळं गेलं. ते आता कुठल्याच खंडात सापडणार नाही.

महाडची शंभरी २० मार्च २०२७ ची. चाळी पडताहेत, टॉवर उठताहेत, म्हातारी माणसं कुठल्या कुठे पांगताहेत. तुमच्या घरात, शेजारात, गावाकडे अजून कुणीतरी असेल ज्याच्या आईबापाने काही पाहिलं, काही सांगितलं. वही घेऊन जा. समोर बसा आणि पहिलं वाक्य हे म्हणा: मला माहीत नाही, तुम्ही सांगा. मालकापुढे म्हणायचं हे वाक्य नाही. आपल्या माणसापुढे म्हणायचं आहे. आणि तो म्हणाला 'ठाव नाय', तर तेही लिहून घ्या.

माझी एक उधारी राहिलीय. त्या विहारातल्या पोरांना सांगायचं होतं ते सांगितलं नाही. आज तुम्हाला सांगतो. चवदार तळं २० मार्च १९२७. मनुस्मृतीदहन २५ डिसेंबर १९२७. मधे नऊ महिने. त्या दिवशी मी चूक होतो, तात्या बरोबर होते. लिहून घ्या.

जयभीम.