मॅगसेसे मिळालेला पत्रकार आणि कॅन्टीनमधला प्रश्न

(म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या मराठी तरुणांच्या रविवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर. कुणी निपाणीचा, कुणी सोलापूरचा, कुणी बेळगावजवळच्या खेड्यातला. नोकरीने हेब्बाळला आणले. मीही असाच आलो. काही वर्षांपूर्वी कॅन्टीनमध्ये जेवताना एक सहकारी हसत म्हणाला, "संविधान काही तुमच्या आंबेडकरांनी लिहिलेले नाही. अरुण शौरींनी पुराव्यानिशी सिद्ध केले आहे. मॅगसेसे मिळालेला पत्रकार आहे, ऐरागैरा नाही." मला राग आला, पण उत्तर आले नाही. मी शौरी वाचले नव्हते आणि संविधान सभेतील चर्चाही वाचली नव्हती. त्या दिवशी जे बोलता आले नाही, ते आज बोलतो.

सुरुवात शौरींच्या चांगल्या कामापासून करू. मूळचे अर्थशास्त्रज्ञ, जागतिक बँकेत नोकरी केलेले. १९७९ साली ते इंडियन एक्सप्रेसचे कार्यकारी संपादक झाले. त्यांच्या काळात, १९८० मध्ये, अरुण सिन्हा या वार्ताहराने भागलपूरचे प्रकरण बाहेर काढले. पोलिसांनी तीसहून अधिक संशयितांचे डोळे फोडून त्यांत ॲसिड ओतले होते. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी शौरींचा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्यावरचा लेख आला. तेव्हा सिमेंटवर नियंत्रण होते, कोटा सरकार ठरवत असे. बिल्डरांना सिमेंट मिळत होते आणि अंतुलेंनी काढलेल्या ट्रस्टना बिल्डरांच्या देणग्या मिळत होत्या. शौरींनी तारखा आणि रकमा शेजारी शेजारी मांडल्या. प्रा. प. बा. सामंत न्यायालयात गेले. जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध मान्य केला आणि अंतुलेंना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी शौरींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

अंतुले महाराष्ट्राचे पहिले मुस्लिम मुख्यमंत्री. म्हणून त्यांची चौकशी करायला नको होती, असे मी म्हणणार नाही. भ्रष्टाचार कुणाचाही असो, उघड झालाच पाहिजे. कागदाला कागद जोडण्याची ती पद्धत आपणही शिकावी.

१९८१ मधलीच, त्याच दैनिकातली दुसरी बातमी पाहा. अश्विनी सरीन या वार्ताहराने २३०० रुपयांना एक बाई विकत घेतली. माणसांचा बाजार भरतो हे त्याला सिद्ध करायचे होते, आणि ते सिद्धही झाले. बातमी देशभर गाजली. पण त्या बाईचे पुढे काय? विजय तेंडुलकरांनी 'कमला' नाटकात हाच प्रश्न लावून धरला. बातमी पत्रकाराची झाली, आयुष्य मात्र त्या बाईचे होते. आपली माणसे वर्तमानपत्रात बहुतेक वेळा अशीच येतात, पुरावा म्हणून.

आता वादाकडे येऊ. ऑगस्ट १९९० मध्ये व्ही. पी. सिंग सरकारने मंडल आयोगाची शिफारस लागू करण्याची घोषणा केली. एक्सप्रेसचे संपादक तेव्हा पुन्हा शौरी होते आणि दैनिकाने आरक्षणाविरुद्ध मोहीमच उघडली. आपण बसलो आहोत ते म्हैसूर. इथे १९१८ साली महाराजांनी मिलर समिती नेमली आणि नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना वाटा देण्याचे धोरण आले. त्याआधी १९०२ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांनी पन्नास टक्के जागा राखल्या होत्या. एवढा जुना अनुभव देशाच्या पदरी असताना 'गुणवत्ता बुडणार' अशी हाकाटी झाली. सिमेंटच्या एकेका पोत्याचा हिशेब मागणाऱ्यांनी सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्यांचा जातवार हिशेब मात्र मागितला नाही.

आणि १९९७ मध्ये ते पुस्तक आले, 'वर्शिपिंग फॉल्स गॉड्स'. त्यातले दोन मुख्य आरोप असे : बाबासाहेब इंग्रजांच्या बाजूचे होते, आणि संविधानाचे शिल्पकार ही त्यांची ओळख खोटी आहे.

दुसरा आरोप आधी घेऊ. बी. एन. राव यांनी पहिला मसुदा तयार केला, अनेकांनी काम केले, हे खरेच आहे. पण हे सांगितले कुणी? खुद्द बाबासाहेबांनी. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी राव यांना आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना नाव घेऊन श्रेय दिले. जे माणसाने स्वतः भर सभागृहात सांगितले, त्याचा गौप्यस्फोट कसा होतो? त्याच नोंदींत ५ नोव्हेंबर १९४८ चे टी. टी. कृष्णमाचारी यांचे भाषण आहे. मसुदा समितीत सात जण होते. एकाने राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत गेले, एक संस्थानी कारभारात गुंतले, एक-दोघे दिल्लीपासून दूर राहिले. शेवटी भार आंबेडकरांवर पडला, असे ते म्हणाले. कृष्णमाचारी आपल्या चळवळीचे नव्हते.

पहिला आरोप. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब १९४२ पासून श्रममंत्री होते. ते लपलेले कधीच नव्हते. तिथे बसून त्यांनी काय केले? कारखान्यातले आठवड्याचे ५४ तास ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती त्यांनी मांडली. बाहेर गेटवर आठ तासांची पाळी संपल्याचा भोंगा वाजतो, तेव्हा हे आठवा.

म्हणजे अंतुलेंच्या वेळी दोन्ही बाजूंचे कागद जोडणारा पत्रकार बाबासाहेबांच्या वेळी एका बाजूचा वकील झाला. पुढे ते वाजपेयी सरकारात निर्गुंतवणूक मंत्री झाले. सरकारी कंपनी विकली की तिथले आरक्षणही जाते, हे वेगळे सांगायला नको.

हे एका माणसापुरते नाही. १९९६ मध्ये बी. एन. उनियाल यांनी 'पायोनियर'मध्ये लिहिले की इतक्या वर्षांच्या पत्रकारितेत त्यांना एकही दलित पत्रकार भेटला नाही. पुढच्याच वर्षी शौरींचे पुस्तक आले. २०१९ च्या ऑक्सफॅम-न्यूजलॉन्ड्री अहवालात माध्यमांतली १२१ नेतृत्वाची पदे तपासली होती. १०६ सवर्णांकडे, अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नाही. २००६ मध्ये खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा सुरुवातीला 'अनैतिक संबंध' अशी बातमी चालली. खरे काय ते कार्यकर्त्यांनी गावात जाऊन शोधले.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' काढला तो याचसाठी. आपले म्हणणे दुसऱ्याच्या छापखान्यातून येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

कॅन्टीनमधला प्रश्न तुम्हालाही विचारला जाईल. रागावू नका, गप्पही बसू नका. संविधान सभेच्या चर्चा फुकट वाचता येतात. तारीख सांगा, पान दाखवा. आणि आपल्या माणसांबद्दल लिहितानाही हीच शिस्त ठेवा. खोटा आकडा आपल्या बाजूचा असला तरी टाकू नका. पहिल्या पिढीच्या पदवीचा एवढा तरी उपयोग झाला पाहिजे.

जय भीम.