साठी आणि बुद्धी



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की, ती खरी आहे का हे विचारायचं कुणाला सुचतच नाही. आजोबा चष्मा कुठं ठेवला ते विसरले, की आपण ही म्हण म्हणतो. तेच आजोबा रोजच्या पायवाटेवर घर चुकले, तरीही हीच म्हण म्हणतो. वास्तविक ह्या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं, हे म्हातारपण. पन्नास वर्षं चाललेली वाट परकी वाटणं, तासाभरापूर्वी जेवलो हे मुळीच ठाऊक नसणं, हा आजार. त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. अल्झायमर हा त्याचाच सर्वांत जास्त आढळणारा प्रकार.

आपल्या देशातल्या साठीपुढच्या माणसांविषयीचा एक अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे दर शंभरांत सातांहून थोड्या अधिक जणांना हा आजार आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आकडा मोठा आहे. पण तोच उलटा वाचून पाहा. शंभरांतल्या ब्याण्णवांहून अधिक जणांना तो नाही. तेव्हा म्हण खोटी ठरली!

आता प्रश्न असा की, तो टाळता येतो का? वय आणि आनुवंशिकता आपल्या हाती नाही. परंतु ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली अशी १४ कारणं सांगितली, जी कमी करता येण्याजोगी आहेत. ती सगळी दूर झाली, तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील, असा त्यांचा हिशेब आहे.

ह्यातली बरीच कारणं रक्ताभिसरणाशी निगडित आहेत. मेंदू वजनानं शरीराचा जेमतेम पन्नासावा भाग. पण प्राणवायू मात्र पाचवा हिस्सा खातो. तो पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या वाढलेल्या रक्तदाबानं, साखरेनं आणि विडीच्या धुरानं खराब होतात. म्हणून ही काळजी साठीला नव्हे, तर चाळिशीला सुरू करायची. शिक्षक बंधुभगिनींनो, म्हणजे तुम्ही आणि मी! रक्तदाबाचा वरचा आकडा १३० च्या आसपास राहावा, असं तज्ज्ञ सांगतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. आपल्या कोकणात पानात लोणचं, पापड आणि सुकी मासळी हटकून असते. तिथं मिठाचा हात आखडता घ्या. दारू दूर ठेवा. मोटारसायकलवर शिरस्त्राण घाला, कारण डोक्याचा मार हेही त्या चौदांतलं एक कारण आहे.

दुसरं कारण कान. ‘त्यांना ऐकू येत नाही, सोडून द्या’ असं आपण म्हणतो आणि खरोखरच सोडून देतो. माणसाला ऐकू येईनासं झालं, की तो बोलण्यातून उठतो. बोलण्यातून उठला, की हळूहळू माणसांतूनही उठतो. मेंदूला खाद्य मिळेनासं होतं. म्हणून कानाचं यंत्र हा शौक नव्हे, आणि मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबणं हा शहाणपणा नव्हे.

आणि आता मला मुख्य गोष्ट सांगायची आहे. आपण वडीलधाऱ्यांना प्रेमानं म्हणतो, “खूप केलंत, आता तुम्ही बसा.” भाजी निवडायला गेलेल्या आजीच्या हातातली विळी काढून घेतो. परसात शिंपण्याला निघालेल्या तात्यांना परत झोपाळ्यावर बसवतो. हा मान नव्हे. चालणं-फिरणं, आठवण ठेवणं आणि चार माणसांशी बोलणं ह्या तिन्ही गोष्टी त्यांच्यापासून एकाच वाक्यात आपण काढून घेतो. बसून राहणं, एकटेपण आणि उदासी ही तिन्ही त्या चौदांत आहेत. मुलं मुंबई-पुण्याला, घरात म्हातारी दोघंच, असं चित्र आपल्याकडे वाडीवाडीत आहे. चाकरमानी फोन करतात: “जेवलात का? गोळी घेतलीत का?” एवढ्यावर फोन ठेवू नका. आमसुलं किती उन्हं द्यायची, अमक्या शेताची हद्द कुठपर्यंत, हे त्यांना विचारा. त्यांना आठवू द्या, सांगू द्या.

साठीनंतर हे करून काय उपयोग, असं कुणी म्हणेल. फिनलंड देशात ६० ते ७७ वर्षांच्या १२६० माणसांवर प्रयोग झाला. निम्म्यांना दोन वर्षं योग्य आहार, व्यायाम, बुद्धीचे खेळ आणि रक्तदाबावर देखरेख असं सगळं एकत्र दिलं. बाकीच्यांना नेहमीचा सल्ला. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या गटाची बुद्धी चाचण्यांत सरस ठरली.

बालपणी शाळा न मिळणं हेही एक कारण आहे, आणि ह्याचा भार आपल्याकडे बायकांवर अधिक पडला. ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी, योगेंद्र बांगर ह्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी लुगडी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन आज्या शाळेत जाऊ लागल्या. ही शाळा काही आजारावरचा उपाय म्हणून निघाली नव्हती. परंतु घरातून निघणं, चालत जाणं, नवं शिकणं आणि बरोबरीच्या बायकांत बसणं, हे सगळं तिच्यात आपसूक आलं. आपल्या गावातली शाळा संध्याकाळी रिकामीच असते, नाही का?

एक सावधगिरी मात्र हवी. हे सगळं करूनही आजार होऊ शकतो. ‘अस्तु’ ह्या मराठी चित्रपटातले, डॉ. मोहन आगाशे यांनी उभे केलेले शास्त्री तर संस्कृतचे पंडित होते. तेव्हा आजारी माणसाला दोष देऊ नये, आणि विसराळूपणा वाढला तर लपवूही नये. कधी ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, कधी थायरॉइडचा विकार हेही त्याचं कारण असतं, आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवावं.

बाकी काम घरातच आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. आज संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘बसा’ म्हणू नका. “चला, जरा वेशीपर्यंत जाऊन येऊ,” असं म्हणा.