व्हिडिओचा कापलेला शेवट

निगडीच्या ओटास्कीममधून आम्ही बचत गटातल्या बायका बोलतोय.

मागच्या आठवड्यात गटाच्या व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. मोटारसायकलवरचे दोघं खेळतं पोर उचलून नेतात. खाली लिहिलेलं, ‘टोळी चाकणला आलीय.’ आमच्यातल्या तिघींनी तो लगेच माहेरी पाठवलासुद्धा.

मग कळलं, व्हिडिओ जुनाच आहे. कराचीच्या एका संस्थेनं पालकांना सावध करायला बनवलेला. शेवटी तीच माणसं पोराला परत आणून सोडतात. तो शेवट कुणीतरी कापला. २०१८ साली हा कापलेला व्हिडिओ आपल्या देशात घरोघरी फिरला, आणि मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवाही. १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून पोट भरणारे. असे गोसावी आपल्याही दारात येतात की!

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवायची मर्यादा आणली. पण पाच गट म्हटले तरी बाया किती होतात?

आम्ही तिन्ही माहेरी फोन लावले. एकीची भावजय म्हणाली, “वन्सं, मी तर कधीच पुढं पाठवला.” कुणाकुणाला, ते तिला आठवेना.